पान फाडलेलं आहे

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तेव्हा जुन्या पुस्तकांच्या थप्प्या छातीपर्यंत लागलेल्या असत. माझं बी.एड.चं वर्ष होतं. लोकलचा पास काढून उरलेल्या पैशांतून मी तिथून वीस रुपयांना एक इंग्रजी पुस्तक घेतलं. मुखपृष्ठ गायब होतं, पहिलं पान अर्धं. "डायरी आहे ताई, सोपं इंग्लिश आहे," एवढंच विकणारा म्हणाला. माझं इंग्रजी सोप्याच पुस्तकांपुरतं होतं, त्यामुळे सौदा पटला.

परतीच्या गाडीत उघडलं. तारीख होती २२ जुलै १९८४. एका मुलीला त्या दिवशी बारा वर्षं पूर्ण झाली आहेत, वाढदिवसाच्या भेटींत तिला ही वही मिळाली आहे आणि एक तट्टूही. तट्टाचं नाव तिनं ट्रॉय ठेवलंय. आईवडील प्रेमळ, मैत्रीण जिवाभावाची, घर मोठं. कुर्ल्यापर्यंत मला वाटत होतं की हे शाळकरी मुलींचं गोड पुस्तक आहे. पुढे बॉब नावाचा कोणी रात्री येतो असं तुटक तुटक येऊ लागलं. तो कसा येतो, का येतो, हे तिला नीट सांगता येत नव्हतं. आणि मग एके ठिकाणी मजकूर थांबून फक्त एवढंच छापलेलं दिसलं, की इथलं पान फाडलेलं आहे.

मला वाटलं, फसवलं गेलं आपल्याला. मुखपृष्ठ फाटकं, आता आतली पानंही. मी पानांचे आकडे मोजले. आकडे सलग होते. फाडलेलं पान रीतसर छापलेलं होतं.

हे पुस्तक कसलं आहे ते मला पुढे दोनेक वर्षांनी कळलं. 'द सीक्रेट डायरी ऑफ लॉरा पामर', लेखिका जेनिफर लिंच, प्रकाशन सप्टेंबर १९९०. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या 'ट्विन पीक्स' या मालिकेचं ते जोडपुस्तक. ही मालिका ८ एप्रिल १९९० ला एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि पहिलाच भाग अमेरिकेत साडेतीन कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. वॉशिंग्टन राज्यातलं डोंगरातलं लाकूडतोडीचं गाव. सकाळी मासे धरायला निघालेल्या माणसाला पाण्याकाठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत दिसतं. ते लॉरा पामरचं. शाळेची लाडकी, सुंदर, सतरा वर्षांची. एफबीआयचा एजंट डेल कूपर तपासाला येतो आणि अख्खा देश एकच प्रश्न विचारू लागतो, लॉरा पामरला कोणी मारलं?

तो प्रश्न ऐकण्याआधीच मी तिची वही वाचून बसले होते. बहुतेकांनी आधी मालिका पाहिली, मग पुस्तक घेतलं; माझा क्रम उलटा पडला. पण त्या उलट्या क्रमामुळेच एक गोष्ट डोक्यात पक्की झाली, आणि आज ओटीटीवर दर आठवड्याला एक मेलेली मुलगी आणि एक हुशार पोलीस घेऊन नवी मालिका येते तेव्हा ती मांडावीशी वाटते. 'कोणी मारलं' हा प्रश्न मुलीच्या बाजूचा नाही. तो आपल्या करमणुकीच्या बाजूचा आहे. तिच्या बाजूचा प्रश्न 'कोणाला माहीत होतं' हा आहे, आणि तो विचारायला तपास अधिकारी लागत नाही, वही लागते.

पुढे खुनी कोण ते मी सांगणार आहे. पस्तीस वर्षं झाली त्याला. तरीही ज्यांना मालिका कोरी पाहायची आहे त्यांनी इथे थांबावं. पण उत्तर कळलं की सगळं संपतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मात्र वाचावंच.

रहस्यकथांशी माझं वैर नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मी गोधडीत बॅटरी लावून वाचले आहेत. रहस्यकथेत प्रेत पहिल्या पानावर येतं ते कोडं म्हणून येतं, आणि वाचक आणि लेखक दोघांनाही हा करार मान्य असतो. मालिकेतही सुरुवातीला तेच होतं. लॉराची भूमिका करणारी शेरिल ली ही सिएटलची स्थानिक अभिनेत्री. तिला घेतलं होतं ते प्रेत म्हणून पडून राहायला आणि फोटोत हसायला. पुढे सहलीच्या एका व्हिडिओतलं तिचं काम लिंचना इतकं आवडलं की तिच्यासाठी लॉराच्या नात्यातल्या एका बहिणीची भूमिका, मॅडी, नव्याने रचली गेली. म्हणजे लॉरा म्हणून मूळ योजनेत फोटोची चौकट आणि प्लॅस्टिकचा कागद, इतकंच होतं. बहुतेक भागांच्या शेवटी नावं वर सरकायची ती त्या हसऱ्या फोटोवरून.

मार्क फ्रॉस्ट यांनी सांगितलेली या कथेची एक मुळी त्याहून जुनी आहे. त्यांच्या आजीकडून ऐकलेली, १९०८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्यात सापडलेल्या हेझल ड्रू या तरुणीची हकिकत. तिचा खून कोणी केला ते आजतागायत उलगडलेलं नाही. तिच्याबद्दल आजही लोक अंदाज बांधतात. तिला काय वाटत होतं, यावर मात्र अंदाजालाही काही आधार नाही, कारण तिची वही कोणाकडे नाही.

आता या धंद्याची बाजू बघा. पहिला हंगाम मे १९९० मध्ये संपला, दुसरा ३० सप्टेंबरला सुरू होणार होता. मधल्या उन्हाळ्यात लोकांची उत्सुकता तापती ठेवायला काहीतरी हवं होतं. डायरी नेमकी त्या खिडकीत आली. खपाच्या याद्यांत वर चढली ती वाङ्मयीन गुणांमुळे नव्हे. लोक त्यात धागेदोरे शोधत होते. पुस्तक विकलं गेलं ते पुराव्याची वही म्हणून. जेनिफर लिंच तेव्हा बावीस वर्षांच्या, डेव्हिड लिंच यांची मुलगी. दिग्दर्शकाच्या मुलीला बापानं काम दिलं, असंही म्हटलं गेलं असणारच. (आपल्याकडे त्यांचं नाव निघालंच तर २०१० च्या 'हिस्स'मुळे निघतं, मल्लिका शेरावतची नागीण. त्या सिनेमाबद्दल मी काही बोलत नाही.)

खुनी कोण हे लेखिकेला आधीच सांगितलेलं होतं. म्हणजे तिच्यापुढचं काम मोठं विचित्र. उत्तर माहीत असताना, उत्तर माहीत नसलेल्या मुलीच्या हातानं लिहायचं. मागची पाच वर्षं रोज घरात वावरणारा माणूस वहीत येणार, आणि तरी त्याचं नाव फुटता कामा नये. इथे कोणी चलाख लेखक असता तर त्यानं वाचकाला चकवे दिले असते. जेनिफर लिंच यांनी चकवे दिले नाहीत. त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली: ते नाव मुलीलाच घेता येत नाही. वाचकापासून लपवायची गरजच नाही, कारण ती स्वतःपासून लपवते आहे. पान फाडलेलं आहे, ते इथे.

वहीतला बॉब म्हणजे लांब केसांचा, खिडकीतून येणारा, तिला जंगलात नेणारा कोणीतरी. तो तिला घाण म्हणतो, वाईट म्हणतो. बारा वर्षांची मुलगी मग तेच शब्द स्वतःबद्दल लिहू लागते. आपण काय चूक केली असेल म्हणून तो येतो, याचा ती हिशेब मांडते. पुढे पुढे तर बॉब वहीतच बोलायला लागतो. ती एक ओळ लिहिते आणि पुढची ओळ त्याची असते. वही तिची, पेन तिचं, अक्षर तिचं, आणि आवाज परका. मला हे पुस्तकातलं सगळ्यात धास्तावणारं वाटतं, खुनाहूनही. आपली म्हणून असलेली एकमेव जागा त्यानं घेतली.

१० नोव्हेंबर १९९० च्या भागात मालिकेनं उत्तर दिलं. लॉराचा बाप, लीलँड. गावातला नामांकित वकील, मुलीच्या मरणानंतर ढसाढसा रडणारा, गाणी लागली की नाचत सुटणारा. बॉब ही दुष्ट शक्ती त्याच्या अंगात होती, असं मालिका सांगते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. बापाचा गुन्हा भुताच्या खात्यावर टाकून मालिकेनं त्याला सोडून दिलं, हा तो आक्षेप. मालिकेपुरता तो मला बराचसा मान्य आहे. लीलँड कोठडीत मरतो तेव्हा छतातून पाण्याचे फवारे सुटलेले असतात, एजंट कूपर त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला उजेडाकडे जायला सांगतो, आणि मुलगी आपल्याला दिसते आहे असं म्हणत तो शांतपणे जातो. एवढं हळुवार मरण पटकथेनं मुलीला दिलं नव्हतं. त्यानंतर पोलीस प्रमुख म्हणतो की हे भूतबीत माझ्या पचनी पडत नाही. त्यावर कूपर विचारतो, बापानं पोटच्या मुलीवर बलात्कार करून तिला मारलं, हे पचवणं जास्त सोपं आहे का? सवाल बिनतोड आहे. पण बघा, बोलताहेत ती मोठी माणसं. आपल्याला काय पचेल याची चर्चा चालू आहे.

वहीत तोच बॉब वेगळा होतो. तिथे भूत ही कोणाची सबब नाही. ज्या मुलीला रात्री जे घडतं ते आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर समोर बसणारा बाप, ही दोन्ही एकाच डोक्यात ठेवून जगायचं आहे, तिनं काढलेली ती वाट आहे. रात्रीचा माणूस दुसरा, दिवसाचा दुसरा. मोठ्यांनी भूत मानलं तर ते पळ काढणं आहे. तिनं मानलं तर ते तग धरणं आहे. एकाच नावाचा अर्थ कोण लिहितंय यावर बदलतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. कॅमेऱ्याला एक तर बॉब दाखवावा लागतो नाही तर लीलँड. वहीला दोघंही न दाखवता दोघांबद्दल लिहिता येतं. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचं माहीत नसतं, आणि लॉराच्या बाबतीत आजचंही पुरतं माहीत नाही. हे न कळणं हाच पुरावा असतो, हे रहस्यकथेला कधी मांडता येत नाही. तिला शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सांगावं लागतं.

म्हणजे ज्यांनी धागेदोऱ्यांसाठी पुस्तक घेतलं त्यांच्या हाती एका मुलीची साक्ष पडली. ही फसवणूक मला फार आवडते. जोडपुस्तक नावाच्या बाजारू प्रकारानं केलेलं याहून चांगलं काम मला आठवत नाही.

पुस्तक निर्दोष आहे, असं नाही. मधल्या भागात कोकेन, पार्ट्या, पुरुष, पुन्हा कोकेन अशी रांग लागते आणि काही पानं निव्वळ धक्क्यासाठी आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीराबद्दल इतकं लिहिताना लेखिकेचा तोल एक-दोनदा गेला आहे आणि विकणाऱ्यांना ते सोयीचंच वाटलं असणार. कविताही आहेत, बऱ्याच कच्च्या. पण त्या वयातल्या कविता कच्च्याच असतात, तिथे मी लेखिकेला गुण देते.

१९८४ हे सालही मला योगायोगाचं वाटत नाही. निदान वाचताना तरी नाही. त्याच वर्षी अमेरिकेत आयोवातल्या डेअरीनं हरवलेल्या मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापायला सुरुवात केली. घरोघरच्या नाश्त्याच्या टेबलावर रोज सकाळी एक बेपत्ता मूल. शाळाशाळांतून मुलांना एकच धडा, अनोळखी माणसाशी बोलू नका. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत मुलांवर अत्याचार होतात या आरोपाचं प्रकरण पेटलं: सैतानाची पूजा, जमिनीखालची भुयारं, शेकडो मुलं. वर्षानुवर्षं चाललेला तो खटला १९९० मध्ये एकालाही शिक्षा न होता संपला. एवढा मोठा देश जंगलात, भुयारात, गाडीतून चॉकलेट देणाऱ्याच्या चेहऱ्यात राक्षस शोधत होता, आणि वहीतली मुलगी सांगत होती की तो घरात झोपतो. बॉब जंगलातून येतो, असं तिलाही वाटायचं. तिलाही तोच धडा शिकवलेला होता.

आपण या बाबतीत अमेरिकेला हसण्याच्या जागी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा फोनवरून फिरलेला निरोप. परक्याची भीती आपल्याकडेही माणसं मारण्याइतकी तयार असते. आणि घरातलं? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यातले सुमारे निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. पोलिसांत गेलेल्या, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात, नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीतले असतात. या आकड्यांवर कुठल्या गावात जमाव जमलेला ऐकिवात नाही.

'कोणाला माहीत होतं' या प्रश्नाकडे येते. मालिकेचं मोठेपण हे की हा प्रश्न तिनं स्वतःच, आणि फार लवकर, विचारला होता. लॉराच्या दफनविधीत तिचा मित्र बॉबी ओरडतो की तिला तुम्ही मारलंत, आपण सगळ्यांनी मारलं, ती अडचणीत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी काही केलं नाही. पुढच्याच क्षणी हाणामारी होते, बाप शवपेटीवर झोकून देतो, पेटी वरखाली होऊ लागते आणि प्रेक्षकाला हसू येतं. प्रश्न हवेत विरतो. तपास पुन्हा सुरू.

याहून बोचरा प्रसंग त्याच्या आधीचा आहे. कूपरला स्वप्न पडतं. लाल पडद्यांच्या खोलीत लॉरा त्याच्या कानाशी वाकून खुन्याचं नाव सांगते. तो दचकून उठतो, पोलीस प्रमुखाला फोन करतो, मला कळलंय म्हणतो, आणि घाई नाही, सकाळी बोलू, असंही म्हणतो. सकाळी त्याला ते नाव आठवत नाही. बारा-चौदा भागांनंतर कळतं की ती म्हणाली होती, माझ्या बापानं मला मारलं. मुलीनं सांगितलेलं होतं. स्पष्ट, कानात. ऐकणाऱ्यानं सकाळवर टाकलं. लोक या स्वप्नाची गूढ चिन्हं उलगडत बसतात. मला त्यात शाळेच्या स्टाफरूमइतकं ओळखीचं काहीतरी दिसतं.

आणि इथे मला माझी एक वही काढायला हवी.

मी आठवीला मराठी शिकवत होते. लॉरा वाचून सहा वर्षं उलटली होती. उपयोजित लेखनात एक विषय दिला, 'माझ्या रोजनिशीतील एक पान'. पन्नास-साठ वह्या. बहुतेकींनी गाइडमधलंच उतरवलेलं: पहाटे उठले, पक्ष्यांचा किलबिलाट, आईला मदत केली. एकीनं लिहिलं होतं, आज मामा मुक्कामी आले म्हणून मी गच्चीवर झोपले, थंडी होती पण बरं वाटलं. 'मुक्कामी'तला 'मी' तिनं ऱ्हस्व काढला होता. मी तो लाल शाईनं दीर्घ केला, समासात लिहिलं, 'छान. वर्णन वाढव.' पाचपैकी तीन गुण.

ते पान मला पुढे बारा-तेरा वर्षांनी आठवलं. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि मग आम्हा शिक्षकांची एक दिवसाची शिबिरं सुरू झाली. समुपदेशक बाई फळ्यावर खुणा लिहीत होत्या: एखादा विशिष्ट माणूस घरी आला की मूल आपली झोपायची, अभ्यासाची जागा बदलतं. मी वहीत ते उतरवून घेत होते आणि हात थांबला. जानेवारीची थंडी होती तेव्हा. गच्चीवर.

कदाचित मामा घोरत असतील. कदाचित घर लहान असेल, पाहुणा आला की एकाला बाहेर झोपावंच लागत असेल. आमच्याही घरी असंच होतं. मला ते कधी कळलं नाही आणि आता कळणारही नाही, ती मुलगी दहावीनंतर गाव सोडून गेली. पण माझ्यापुढे वही होती, मी ती वाचली होती, आणि शुद्धलेखनासाठी वाचली होती. लॉराची डायरी वाचून हळहळलेली मीच.

त्या कायद्यातलं एकोणिसावं कलम सांगतं की गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या, किंवा घडेल अशी धास्ती वाटणाऱ्या कोणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे; न कळवल्यास एकविसाव्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. 'कोणाला माहीत होतं' हा प्रश्न कायद्यानं असा लिहून ठेवला आहे. पण 'मुक्कामी आले म्हणून गच्चीवर झोपले' हे माहीत असणं आहे का, हे कलम सांगत नाही. ते आपल्याला वाचता यावं लागतं, आणि असलं वाचन बी.एड.ला कोणी शिकवत नाही. खरं सांगायचं तर फुटपाथवरच्या त्या पुस्तकानं मला ते शिकवलं होतं, मी विसरले होते.

म्हणून 'असली काळी पुस्तकं मुलांच्या हाती द्यावीत का' हा वाद आमच्या शाळेच्या वाचनालय समितीत निघतो तेव्हा मला प्रश्नच उलटा वाटतो. बारा वर्षांच्या मुलीच्या हाती हे पुस्तक मी देणार नाही, नायिका बारा वर्षांची असली तरी. पंधरा-सोळाला देईन, आणि आधी विचारीन की संपल्यावर माझ्याशी बोलशील का. या पुस्तकानं मूल बिघडेल, अशी भीती घालणाऱ्यांना मी एवढंच म्हणते की आधी तुम्ही वाचा. बहुतेक जण चाळीस पानांपुढे जात नाहीत. जे चाळीस पानं मोठ्यांच्यानं वाचवत नाही ते एखादं मूल जगत असेल, आणि त्याच्याकडे त्यासाठी शब्द नसतील, हे त्यांना सुचत नाही. जेनिफर लिंच यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की बारा वर्षांची असताना त्यांना कोणा दुसऱ्या मुलीची डायरी सापडावी असं वाटायचं, आपल्याला वाटतं तेच तिलाही वाटतं का ते बघायला. पुस्तक का लिहावं याचं इतकं साधं कारण मी फार क्वचित ऐकलं आहे.

डेव्हिड लिंच यांच्या चाहत्यांशी माझं एका मुद्द्यावर पटत नाही. खुनी उघड करायचा दबाव वाहिनीनं आणला आणि सोन्याची अंडी देणारी कोंबडी मारली, असं लिंच यांचं म्हणणं होतं. चाहते ते मंत्रासारखं म्हणतात. रहस्य कधीच उलगडलं नसतं तर कला जिंकली असती, असा त्याचा सूर. पण कोंबडी कोण होती? रहस्य कायम राहणं म्हणजे त्या मुलीनं कायम कानात पुटपुटत राहणं. वाहिनीनं आकड्यांच्या लोभापायी का होईना, तिला मोठ्यानं बोलू दिलं. लिंच यांनाही ते उमगलं असावं, कारण मालिका बंद पडल्यावर त्यांनी जो सिनेमा केला, 'फायर वॉक विथ मी', तो १९९२ साली आला तेव्हा त्यात कोडं उरलेलंच नव्हतं. लॉराचे शेवटचे सात दिवस, तिच्या बाजूनं. सिनेमा अमेरिकेत पडला. लोकांना मालिकेतले चेरी पाय, कॉफी आणि कूपर हवे होते. शेरिल ली यांनी नंतर सांगितलं की घरातच अत्याचार भोगलेल्या अनेकींनी त्यांना भेटून या सिनेमाबद्दल आभार मानले. प्रेत म्हणून घेतलेल्या नटीला हे ऐकायला मिळालं. २०१७ मध्ये तिसरा हंगाम आला, त्यात वहीची फाडलेली पानं पोलीस ठाण्याच्या स्वच्छतागृहाच्या दारात दडवलेली सापडतात. पंचवीस वर्षं ती पोलिसांच्याच इमारतीत होती. त्याच वर्षी शेरिल ली यांनी ही डायरी स्वतःच्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रित केली.

आपल्याकडे कायदा पीडित मुलाची ओळख उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा होतो की बातमीत मुलगी म्हणजे एक काळी आकृती, आणि आरोपीला मात्र गाव, घर, शेजारी, धंदा, मोबाईलमधले फोटो असं सगळं मिळतं. संध्याकाळच्या गुन्हेगारी मालिका तर त्याच्यावरच चालतात. सूत्रधार शेवटी 'सावध राहा' म्हणून हात झटकतो. नाव न घेता तिचं मन मांडायचं असेल तर ते काम बातमीला जमणार नाही, कादंबरीलाच करावं लागेल. मराठीत किशोरवयीनांसाठी अशा रोजनिशीवजा पुस्तकांची जागा जवळपास मोकळी आहे. लिहिलं तर अंगावर येईल, शाळा घेणार नाहीत, पालक तक्रार करतील. सगळं खरं. तरीही लिहिलं पाहिजे, आणि चांगल्या लेखकांनी लिहिलं पाहिजे, नाही तर ते काम मध्यरात्रीच्या क्राइम शोकडे जाईल. गेलंच आहे.

माझी मुखपृष्ठ नसलेली प्रत आता स्टाफरूमच्या कपाटात आहे, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून. मागच्या दोन वर्षांत तिघी-चौघींनी नेली. गणिताच्या बाईंनी परत देताना विचारलं, मधली पानं कुठे गेली? मी म्हटलं, आकडे मोजा.

रोजनिशीचा विषय मी अजूनही देते. फक्त तपासताना लाल पेन बाजूला ठेवून एकदा सगळ्या वह्या नुसत्या वाचून काढते, मग दुसऱ्या दिवशी पेन घेते. वह्या परत द्यायला दोन दिवस उशीर होतो. मुख्याध्यापक विचारतात तेव्हा सांगते, मुलांचं शुद्धलेखन फार बिघडलंय.